व्हॉट्स न्यू

व्हॉट्स न्यू : लिंडा रॉन्स्टॅट (१५ जुलै १९४६– ) ह्या अमेरिकन लोकप्रिय गायिकेची जुन्या ‘स्टँडर्ड’ गीतांची गाजलेली दीर्घ ध्वनिमुद्रिका. असायलम ह्या ध्वनिमुद्रण कंपनीने ती सप्टेंबर १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. निर्माता पीटर ॲशर हा असून संगीत संयोजन व वाद्यवृंदाचे संचालन नेल्सन रिडल (१९२१–८५) याचे आहे. शीर्षकगीताच्या नावाचा अर्थ ‘काय विशेष?’ असा होतो. रॉक-संगीतात कीर्ती मिळविलेल्या एका गायिकेने आपल्या आईवडिलांच्या पिढीची गीते मोठ्या वाद्यवृंदासह गायिली, ही घटना तत्कालीन श्रोत्यांत कुतूहलाची व वादाची ठरली. हे गायन जॅझ म्हणावे काय, ते पूर्वसूरींच्या तोडीचे आहे काय आणि ही गीते पुन्हा गाण्यास प्रयोजन कोणते, असे तीन वेगवेगळे प्रश्न ह्या वादात एकत्र आले. पुढे अनेक लोकप्रिय गायकांनी अशाच ध्वनिमुद्रिका काढल्या, त्या प्रत्येक वेळी हेच प्रश्न पुन्हा विचारले गेले.

स्टँडर्ड गीत : ज्या नाटकासाठी, चित्रपटासाठी वा वाद्यवृंदासाठी ते रचले गेले, त्यापासून सुटून गायक-वादकांच्या सामाईक भांडारात रूढ झालेले गीत म्हणजे ‘स्टँडर्ड’. ह्या भांडारातील बहुतेक गीते सु. १९२० ते १९५० ह्या काळात अमेरिकेत रचली गेली. अर्व्हिंग बर्लिन, जेरोम कर्न, जॉर्ज व आयरा गर्श्विन हे बंधू, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स व लॉरेन्झ हार्ट हे त्यांचे प्रमुख रचनाकार होत. बर्लिन व पोर्टर यांच्यासारखे अपवाद वगळता ह्या व्यवसायात कवी, स्वररचनाकार, संगीत संयोजक आणि गायक अशी कामांची विभागणी असे.

अशा गीताचा मुख्य भाग बहुधा ३२ मात्रागणांचा (बारचा) असतो. त्याचे प्रत्येकी ८ मात्रागणांचे चार उपविभाग पडतात. पहिला, दुसरा व चौथा हे सुरावटीने सारखे असतात, तर तिसरा वेगळा असतो. त्यास ‘ब्रिज’ म्हणतात. मुख्य भागाच्या आधी ‘व्हर्स’ नावाची बोलण्याच्या वळणाची एक प्रस्तावना असते. तथापि नाटकाबाहेर गाताना ती अनेकदा वगळली जाते.

जॅझ-वादकांना ह्या गीतांचे आकर्षण वाटले, ते मुख्यतः त्यांतील स्वरसंवादाच्या चालीमुळे. गीताची मूळ सुरावट एकदा वाजवून झाली, की त्याच कॉर्डांच्या क्रमावर वादक आपली नवी सुरावट तत्क्षणी रचतो. हिंदुस्थानी संगीतातील बंदीश हे ह्या संदर्भात उपयुक्त उदाहरण ठरेल. बंदीश एकच असते. पण ती विस्ताराला आधार देते आणि घराण्याघराण्यांतून निरनिराळी रूपे घेते. मात्र हे साम्य मर्यादित आहे. बंदिशीचा विस्तार रागाच्या नियमांनी बांधलेला असतो, तर जॅझमधील उपज कॉर्डांच्या आवर्तनाने बांधलेली असते. महाराष्ट्रात ही गीते मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांद्वारे पोहोचली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याचा आफ्रो-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतरच्या काळात चिक चॉकलेट ह्या नावाने प्रसिद्ध असलेला अंतोनियो झेव्हियर व्हाझ याच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी ही परंपरा पुढे चालविली. ह्यांपैकी अनेक वादक हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतही काम करीत.

गायनाच्या दृष्टीने १९२५ च्या सुमारास रूढ झालेले विद्युत् ध्वनिमुद्रण व ध्वनिक्षेपक ही साधने निर्णायक ठरली. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची गरज उरली नाही आणि कानाशी बोलल्यासारखे हळुवार गाणे शक्य झाले. बिंग क्रॉस्बी, बिली हॉलिडे व फ्रँक सिनात्रा यांची शैली ह्या शक्यतेतून घडली. शब्द तालाच्या किंचित मागे किंवा पुढे टाकणे, श्वास लांबवून दोन ओळी एका अर्थसूत्रात जोडणे, ही ह्या गायनाची वैशिष्ट्ये होत. १९५० नंतर दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रचारात आल्यावर एका भाववृत्तीची वा एका रचनाकाराची गीते एकत्र गुंफणे शक्य झाले. सिनात्राच्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’ (१९५५) व ‘ओन्ली द लोन्ली’ (१९५८) ह्या ध्वनिमुद्रिका, तसेच एला फिट्सजेरल्ड हिची १९५६ पासून प्रसिद्ध झालेली ‘साँग बुक’ मालिका ही त्याची ठळक उदाहरणे होत.

पार्श्वभूमी : १९६४ मध्ये बीटल्स हा इंग्रज गायकवृंद अमेरिकेत आला. त्यानंतर लोकप्रिय संगीताची रचनाच बदलली. गायकाने स्वतःची गीते स्वतः रचावीत, ही अपेक्षा रूढ झाली. दुसऱ्याने रचलेले जुने गीत गाणे अप्रामाणिकपणाचे वाटू लागले. स्टँडर्ड गीते उपाहारगृहांत व उद्‌वाहकांत मंदपणे वाजणाऱ्या पार्श्वसंगीतापुरती उरली. ॲलेक वाइल्डर याच्या ‘अमेरिकन पॉप्युलर साँग’ (१९७२) ह्या ग्रंथाने त्यांचा गंभीर अभ्यास केला. तथापि तरुण श्रोता व ही गीते यांत एका पिढीचे अंतर पडले होते. ते ओलांडण्याचे काही प्रयत्न झाले. बीटल्समधील रिंगो स्टार याची ‘सेंटिमेंटल जर्नी’ (१९७०) आणि हॅरी निल्सन याची, गॉर्डन जेंकिन्सने संयोजित केलेली ‘अ लिटल टच ऑफ श्मिल्सन इन द नाइट’ (१९७३) ह्या त्यांतील आरंभीच्या ध्वनिमुद्रिका. कंट्री-संगीतातील विली नेल्सन याची ‘स्टारडस्ट’ (१९७८) मात्र मोठ्या प्रमाणावर खपली. तिच्यात मोठा वाद्यवृंद नव्हता. जुनी गीते नेल्सनने आपल्या नेहमीच्या साध्या साथीत बसविली होती.

लिंडा रॉन्स्टॅटचा जन्म ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे झाला. तिच्या वडिलांकडून मेक्सिकन वंशाचा वारसा तिला लाभला होता. घरात मेक्सिकन लोकगीते व जुनी अमेरिकन गीते दोन्ही गायिली जात. ‘स्टोन पोनीज’ ह्या गटातून १९६७ मध्ये तिला पहिले यश मिळाले. ‘हार्ट लाइक अ व्हील’ (१९७४), ‘सिंपल ड्रीम्स’ (१९७७) व ‘लिव्हिंग इन द यूएसए’ (१९७८) ह्या तिच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील खपाच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचल्या. ती गीते रचीत नसे. इतरांच्या गीतांची निवड व त्यांचे अर्थपूर्ण गायन हेच तिचे बलस्थान होते. १९८० मध्ये गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या ‘द पायरट्स ऑफ पेन्झन्स’ ह्या ऑपेरेटात तिने मेबलची भूमिका केली. १९८१ मध्ये तो प्रयोग ब्रॉडवेवर आला. ह्या भूमिकेसाठी तिला आपल्या आवाजाचा वरचा, हलका पट्टा वापरावा लागला. रॉक-गायनात फारसा उपयोगात न येणारा हा पट्टा पुढे स्टँडर्ड गीतांत तिच्या उपयोगी पडला.

निर्मिती : रॉन्स्टॅटने १९८१ मध्ये जेरी वेक्स्लर ह्या ख्यातनाम निर्मात्यासह लहान साथसंगतीत स्टँडर्ड गीतांचे ध्वनिमुद्रण केले होते, परंतु ते समाधानकारक न वाटल्याने सोडून देण्यात आले. यानंतर तिने नेल्सन रिडलकडे विचारणा केली. रिडल मूळचा ट्राँबोनवादक. १९५० च्या दशकात कॅपिटल ह्या कंपनीत त्याने नॅट किंग कोल व सिनात्रा यांच्यासाठी केलेली संयोजने ह्या कलेचा मानदंड समजली जातात. एला फिट्सजेरल्डने गायिलेल्या गर्श्विन-गीतांच्या संचाचे (१९५९) संयोजनही त्याचेच. ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९७४) ह्या चित्रपटाच्या संगीताबद्दल त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. तरीही १९८० च्या सुमारास लोकप्रिय गायनाच्या क्षेत्रात त्याला मागणी उरली नव्हती. सुट्या गीतांऐवजी संपूर्ण संच करण्याची तयारी त्याने दर्शविली.

कंपनीच्या वरिष्ठांना हा बेत धोक्याचा वाटला. खपाच्या शिखरावर राहिलेल्या गायिकेने तरुण ग्राहक गमावावा आणि वृद्ध ग्राहक मिळेलच याची शाश्वती नसावी, अशी ही भीती होती. तिच्या ‘गेट क्लोजर’ (१९८२) ह्या ध्वनिमुद्रिकेचा खप आधीच्यांच्या मानाने घटला होता. त्यामुळे ह्या भीतीला आधार होता. रॉन्स्टॅटने आपला आग्रह सोडला नाही. ध्वनिमुद्रण लॉस अँजेल्स येथे १९८२ च्या मध्यापासून १९८३ च्या आरंभापर्यंत झाले. त्याची तांत्रिक बाजू जॉर्ज मॅसनबर्ग याने सांभाळली.

गीते व संयोजन : ध्वनिमुद्रिकेत एकूण नऊ गीते असून तिचा कालावधी सु. ३६ मिनिटांचा आहे. सर्वांत जुने गीत बर्लिनचे ‘व्हॉटल आय डू’ (१९२३) आणि सर्वांत अलीकडचे ‘क्रेझी ही कॉल्स मी’ (१९४९) होय. गर्श्विन बंधूंची ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ (१९२६) व ‘आय हॅव गॉट अ क्रश ऑन यू’ (१९२८) ही दोन गीते तीत आहेत. ‘लव्हर मॅन’ हे गीत बिली हॉलिडेच्या १९४४ मधील ध्वनिमुद्रणामुळे तिच्या नावाशी कायमचे जोडले गेले होते. शेवटचे ‘गुडबाय’ हे गॉर्डन जेंकिन्सचे गीत बेनी गुडमनचा वाद्यवृंद कार्यक्रमाच्या समारोपास वाजवीत असे. नऊही गीते संथ लयीची व विरहाच्या किंवा उत्कंठेच्या भावाची आहेत. त्यामुळे एकसंधता आली, तशीच काहीशी एकसुरी छायाही आली.

शीर्षकगीत १९३८ मध्ये बॉब हॅगर्ट ह्या वादकाने बॉब क्रॉस्बीच्या वाद्यवृंदासाठी केवळ वाद्यरचना म्हणून केले. जॉनी बर्क याने १९३९ मध्ये त्यास शब्द दिले. पूर्वी प्रेमात असलेली दोन माणसे बऱ्याच काळाने अवचित भेटतात आणि त्यांतील एक व्यक्ती क्षेमकुशल विचारीत राहते, एवढाच गीताचा विषय आहे. प्रश्न औपचारिक असतात. दुःख मात्र अद्याप शमलेले नसते. रचनेतील एक विशेष असा, की ब्रिजसाठी नवी सुरावट न घेता पहिलीच सुरावट मध्यमाला षड्ज मानून वरच्या पट्टीत घेतली आहे. तोच कुशलप्रश्न जणू अधिक उंच, अधिक ताणलेल्या आवाजात पुन्हा विचारला जातो आणि मग गीत मूळ पट्टीत परतते. गायकाने येथे आवाज किती वाढवावा व किती आवरावा, ह्यावर गीताचा परिणाम अवलंबून असतो.

रिडलचे संयोजन तंतुवाद्यांच्या गडद पृष्ठभूमीवर बासरी, फ्रेंच हॉर्न व ट्राँबोन यांचे छोटे प्रतिवाक्य ठेवते. गायकाच्या दोन ओळींमधील विरामात वाद्यवृंद बोलतो आणि शब्द सुरू होताच मागे सरतो. रे ब्राउन याची डबल बास व प्लास जॉन्सन याचा टेनर सॅक्सोफोन यांमुळे जॅझची चव येते. तथापि वाद्यवृंदाचा प्रत्येक स्वर लिहिलेला आहे व उत्स्फूर्त वादनाला थोड्याच जागा दिलेल्या आहेत. रॉन्स्टॅटही मूळ सुरावटीशी प्रामाणिक राहते. ती नवी सुरावट रचीत नाही किंवा ताल फारसा लांबवीत नाही. दीर्घ स्वर स्वच्छ लावणे, शब्द स्पष्ट उच्चारणे आणि स्वर हळूहळू फुलवीत नेणे हा तिचा मार्ग आहे. मुखपृष्ठावर जुन्या धाटणीच्या पोशाखातील गायिकेजवळ त्या काळी नवीन असलेले ‘वॉकमन’ हे यंत्र दिसते. जुने गीत नव्या श्रोत्यापर्यंत नेण्याचा हेतू त्यातून सूचित होतो.

श्रोत्यांच्या प्रतिक्रिया : कंपनीची भीती निराधार ठरली. ‘बिलबोर्ड’ ह्या व्यावसायिक नियतकालिकाच्या यादीत ही ध्वनिमुद्रिका तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. तिच्या पुढे मायकेल जॅक्सनची ‘थ्रिलर’ व लायोनल रिची याची ‘कान्ट स्लो डाउन’ ह्या दोनच ध्वनिमुद्रिका होत्या. यादीत ती ८१ आठवडे टिकली. अमेरिकेत तिच्या ३० लाखांहून अधिक प्रती वितरित झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. न्यूयॉर्क येथील रेडिओ सिटी म्यूझिक हॉलमध्ये रिडलच्या वाद्यवृंदासह तिचे कार्यक्रमही झाले. एवढा खप केवळ वृद्ध ग्राहकांच्या बळावर होणे शक्य नव्हते. ज्येष्ठ श्रोत्यांना आपल्या तारुण्यातील गीतांना पुन्हा प्रतिष्ठा मिळाल्याचे समाधान लाभले. तर अनेक तरुणांना ही गीते प्रथमच पार्श्वसंगीत म्हणून नव्हे, तर लक्षपूर्वक ऐकावयास मिळाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ मधील समीक्षक स्टीव्हन होल्डन याने रॉक-पूर्व काळातील लोकप्रिय गीताची कल्पना पुनःस्थापित करण्याचा हा सर्वांत गंभीर प्रयत्न असल्याचे मत मांडले.

प्रतिकूल प्रतिक्रिया तीन दिशांनी आल्या. रॉक-संगीताच्या काही चाहत्यांना हा पक्षत्याग वाटला. ज्या मध्यमवर्गीय अभिरुचीविरुद्ध रॉकने बंड केले, तिच्याकडेच ही गायिका परतली, असा त्यांचा आक्षेप होता. जॅझच्या काही रसिकांचा आक्षेप नेमका उलट होता. आवाज सुंदर आहे, पण लयीशी खेळ नाही. शब्दांच्या आतला उपरोध वा थकवा स्वरात उतरत नाही. स्वर भरदार लागतो तेथे तो कुजबुजावयास हवा, असे त्यांचे म्हणणे होते. तिसरा आक्षेप तुलनेतून उद्‌भवला. शीर्षकगीत, ‘गेस आय विल हँग माय टिअर्स आउट टू ड्राय’ व ‘गुडबाय’ ही तीनही गीते सिनात्राच्या ‘ओन्ली द लोन्ली’ मध्ये रिडलच्याच संयोजनात आधी येऊन गेली होती. श्रोत्याला केवळ सिनात्राशी रॉन्स्टॅटची नव्हे, तर १९५८ मधील रिडलशी १९८३ मधील रिडलची तुलना करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते.

ह्या आक्षेपांची छाननी करताना वर उल्लेखिलेले तीन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक ठरते. उत्स्फूर्त उपज व लयीचे स्वातंत्र्य ही जॅझची कसोटी मानल्यास ही ध्वनिमुद्रिका जॅझ नव्हे. ती जॅझच्या शेजारी वाढलेल्या लोकप्रिय गीतगायनाच्या परंपरेतील आहे. ही गीते जॅझ-वादकांनी आपलीशी केली असली, तरी त्यांचा जन्म नाटकांत, चित्रपटांत व नृत्यवाद्यवृंदांत झाला. म्हणून ती सरळ सुरावटीने गाणे हा जॅझचा अपभ्रंश ठरत नाही. तो गीताचा मूळ धर्मच होय. तुलनेच्या प्रश्नाचे उत्तर गीतागणिक बदलते. ‘लव्हर मॅन’ मध्ये हॉलिडेच्या गायनातील आर्तता रॉन्स्टॅटच्या आवाजात येत नाही. उलट बर्लिनच्या ‘व्हॉटल आय डू’ ह्या वॉल्ट्झच्या ठेक्यातील साध्या गीतात तिच्या आवाजाची निर्मळता गीताला न्याय देते. ‘ओन्ली द लोन्ली’ मधील सिनात्राची व्यक्तिरेखा घटना घडून गेल्यानंतर बोलणाऱ्या माणसाची आहे. रॉन्स्टॅटची व्यक्तिरेखा घटनेच्या ऐन मध्यात उभी असते. हा फरक दर्जाचा असण्यापेक्षा दृष्टिकोणाचा अधिक आहे.

तिसरा प्रश्न, प्रयोजनाचा, सर्वांत महत्त्वाचा होय. स्टँडर्ड गीत पुन्हा पुन्हा गायिले जाण्यानेच स्टँडर्ड ठरते. जुनी ध्वनिमुद्रणे जपल्याने त्याचे एक रूप टिकते, परंतु परंपरा टिकत नाही. १९५० च्या दशकातील गायकांनीही ही गीते मूळ गायकांकडून उसनी घेतली होती, हे ‘मूळ’ गायनाचा आग्रह धरणारा श्रोता अनेकदा विसरतो. नवा गायक पूर्वसूरींहून उणा पडण्याचा धोका पत्करतो, तेव्हाच गीत पुढल्या पिढीकडे जाते. त्याचबरोबर, पूर्वीच्या वैभवाचे वातावरण तेवढे पुन्हा उभे करून गीताचा अर्थ गौण करणे, हा धोकाही अशा ध्वनिमुद्रिकांत असतो; ‘व्हॉट्स न्यू’ त्यातून सर्वस्वी मुक्त नाही.

परिणाम : रॉन्स्टॅट व रिडल यांनी ‘लश लाइफ’ (१९८४) व ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ (१९८६) ह्या आणखी दोन ध्वनिमुद्रिका केल्या. तिसरीचे काम चालू असता ६ ऑक्टोबर १९८५ रोजी रिडलचे निधन झाले. उर्वरित संचालन टेरी वुडसन याने केले. ‘व्हॉट्स न्यू’ व ‘लश लाइफ’ ह्या शीर्षकगीतांच्या संयोजनाबद्दल रिडलला ग्रॅमी पारितोषिके मिळाली. दुसरे मरणोत्तर होते. अशा रीतीने विस्मरणात जाऊ लागलेल्या एका संयोजकाची कला त्याच्या अखेरच्या वर्षांत पुन्हा लोकांसमोर आली. रॉन्स्टॅटला ह्या यशाने आपल्या आवडीचे संगीत निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. वडिलांकडून ऐकलेल्या मेक्सिकन गीतांची ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’ (१९८७) ही ध्वनिमुद्रिका त्याचेच फळ होय. तिने ‘हमिन टू मायसेल्फ’ (२००४) मध्ये लहान जॅझ-साथीत पुन्हा स्टँडर्ड गीते गायिली. २०११ मध्ये आजारामुळे ती गायनातून निवृत्त झाली.

ह्या ध्वनिमुद्रिकेनंतर लोकप्रिय गायकांनी स्टँडर्ड गीतांकडे वळणे हा एक प्रघातच झाला. नॅटली कोलने ‘अनफर्गेटेबल’ (१९९१) मध्ये आपले वडील नॅट किंग कोल यांच्या जुन्या ध्वनिमुद्रित आवाजाबरोबर युगुलगीत गायिले. १९९२ पासून ग्रॅमी पारितोषिकांत ‘पारंपरिक पॉप’ असा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्यातील पहिले पारितोषिक तिलाच मिळाले. हे गायन जॅझ की पॉप, ह्या वादाला दिलेले ते एक व्यावहारिक उत्तर होते. रॉबी विल्यम्स (२००१), २००२ पासून मालिका काढणारा रॉड स्ट्यूअर्ट, पॉल मॅकार्टनी (२०१२) आणि बॉब डिलन (२०१५) यांनीही असे संच केले. ‘चीक टू चीक’ (२०१४) व ‘लव्ह फॉर सेल’ (२०२१) ह्यांत लेडी गागाने टोनी बेनेट (१९२६–२०२३) ह्या ज्येष्ठ गायकाची साथ घेतली. ह्यांतील काही ध्वनिमुद्रिका केवळ ठरीव साच्यातून निघाल्या, तर काहींत गायकाने गीत आपल्या वयाशी व आवाजाशी नव्याने जुळविले. डिलनने मोठा वाद्यवृंद टाळून आपल्या जीर्ण आवाजात ही गीते गायिली, हे त्याचे एक उदाहरण. ‘व्हॉट्स न्यू’ चे ऐतिहासिक महत्त्व असे, की तिच्या यशामुळे ही गीते एका पिढीची ठेव न राहता, जो गायक त्यांच्या शब्दांना व सुरावटीला सामोरा जाईल त्याच्यासाठी खुली झाली; आणि त्याच्या गायनाचा कस लावण्याचा अधिकार नव्या-जुन्या सर्व श्रोत्यांना मिळाला.